दर हजारी पंचावन्न पैसे

घराच्या विम्याचा हप्ता वाजवी आहे की नाही हे कसं ओळखायचं, असं गेल्या महिनाभरात मी चार जणांना विचारलं. चौघांनीही उलट एकच प्रश्न केला, "किती सांगतायत?" आकडा सांगितल्यावर दोघं "बापरे" म्हणाले. तिसरा म्हणाला, "ठीके की, एकदाच तर भरायचाय." आणि चौथा, जो आमच्या टीममधला सगळ्यात शहाणा माणूस समजला जातो, तो म्हणाला, "होम लोनमध्येच टाक ना, कळतसुद्धा नाही." हे चौथं उत्तर माझ्या डोक्यात दोन दिवस किड्यासारखं वळवळत होतं. चाळीस हजार रुपये जातात आणि कळत नाही म्हणजे काय? हाच प्राणी दोन हजारांचे बूट घेताना तीन साइट उघडून बसतो.

तर मंडळी, पार्श्वभूमी अशी की वाकडला फ्लॅट घेतलाय. ७२० चौरस फूट कार्पेट, चौथा मजला, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची खिडकी दिसते. किंमत ७८ लाख, त्यातलं ६० लाख कर्ज. बँकेतल्या साहेबांनी (बँकेचं नाव नको, अजून वीस वर्षं त्यांच्याशी संसार करायचाय) मंजुरीच्या कागदांच्या गठ्ठ्यात एक विम्याचा कागद हळूच सरकवला होता. घर आणि सामान मिळून १० वर्षांची पॉलिसी, घराच्या विम्याची रक्कम ६० लाख, हप्ता जीएसटी धरून ३८,९४० रुपये. "सर, हे कंपल्सरी आहे."

तारण ठेवलेल्या घराचा विमा हवा अशी अट कर्जाच्या करारात असू शकते, त्यात वावगं काही नाही. पण तो अमुकच कंपनीचा आणि आमच्यामार्फतच घ्या, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. हे मी बोलून दाखवल्यावर साहेब म्हणाले, "सर, मी कन्फर्म करून सांगतो." ते अजून कन्फर्म करतायत. असो.

आता आकड्याकडे वळू. ३८,९४० हा आकडा बघून काहीच कळत नाही, कारण त्यात चार गोष्टी एकमेकींत कालवल्या आहेत: कर, वर्षं, विम्याची रक्कम आणि दर. आधी कर बाजूला काढला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी गेला, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की सगळ्याच विम्यावरचा गेला. घराच्या विम्यावर तो १८ टक्के आहेच. तो वजा केला की राहतात ३३,०००. दहा वर्षांनी भागले, वर्षाचे ३,३००. साठ लाख म्हणजे सहा हजार हजार, त्यांनी भागलं की येतात ५५ पैसे. म्हणजे दर हजार रुपयांच्या विम्यामागे वर्षाला पंचावन्न पैसे. आमचे सांगलीचे विम्यावाले काका याला 'दर हजारी' म्हणतात. इतकी वर्षं मला ते बोलण्याच्या ओघातलं काहीतरी वाटायचं, पण सगळी गंमत त्या आकड्यातच आहे. एकदा दर हजारी काढला की मग पुण्याचा फ्लॅट, सांगलीचं घर, एक वर्ष, दहा वर्षं, सगळं एका तराजूत तोलता येतं.

पूर्वी याला सरकारी उत्तर होतं. आगीच्या विम्याचे दर टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटी ठरवायची आणि सगळ्या कंपन्यांना तेच लावावे लागायचे, त्यामुळे वाजवी म्हणजे दरपत्रकात असेल ते. १ जानेवारी २००७ पासून ते बंधन गेलं आणि दर ज्याचा त्याचा झाला. पण घराच्या वेगवेगळ्या पॉलिसींत काय धरलंय ते एकसारखं नसायचं, त्यामुळे दोन कंपन्यांचे हप्ते शेजारी ठेवून उपयोग नव्हता. एकाच्या तीन हजारांत काय आहे आणि दुसऱ्याच्या दोन हजारांत काय नाही, हे शोधायला वकीलच हवा.

इथे आपल्या फायद्याची गोष्ट झाली ती १ एप्रिल २०२१ ला. विमा नियामकाने 'भारत गृह रक्षा' नावाची एक प्रमाणित पॉलिसी आणली आणि हा धंदा करणाऱ्या सर्व कंपन्यांना ती विकणं बंधनकारक केलं. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं वगैरे सगळं मूळ पॉलिसीतच. मसुदा सगळीकडे तोच, किंमत मात्र ज्याची त्याची. आपल्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस एकच, मागचा कोड वेगवेगळा. म्हणजे निदान या एका पॉलिसीपुरतं हप्त्याची तुलना करणं हा प्रामाणिक खेळ आहे. (ॲड-ऑन चिकटवले की तो पुन्हा अप्रामाणिक होतो, म्हणून कोट मागताना आधी ते सगळे टिक काढून टाकायचे.)

मी तीन ठिकाणी कोट काढले. पण त्याआधी ते साठ लाख बघून घेऊ, कारण बँकेच्या कागदावरची खरी गोम तिथे होती.

साठ लाख कशाचे? कर्जाचे. माझ्या घराचं काय झालं तर किती पैसे लागतील याच्याशी त्या आकड्याचा काहीच संबंध नाही. ७८ लाखांत बांधकाम आहे, पण त्याहून जास्त आहे ती वाकडची जमीन, हिंजवडीचं अंतर, बिल्डरचा नफा आणि प्रवेशद्वाराजवळचा तो कारंजा. आग लागली तर वाकड जळत नाही. भारत गृह रक्षामध्ये घराची विम्याची रक्कम काढायची रीत सरळ लिहिली आहे: कार्पेट एरिया गुणिले तिथला बांधकामाचा चालू दर. माझा मामेभाऊ सिव्हिलवाला आहे. त्याने टॉवरमधल्या बांधकामाचा कार्पेटवर फुटाला ३,५०० रुपये दर सांगितला, वर "यात तुझं इटालियन मार्बल नाही हं" असंही ऐकवलं. ७२० गुणिले ३,५००, झाले २५ लाख २० हजार. घराचा विमा घेतला की त्याच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख, एवढं सामान आपोआप धरलं जातं. म्हणजे माझ्या बाबतीत पाच लाखांच्या थोडं वर. शिवाय मुदत एकाहून जास्त वर्षांची असेल तर घराची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी वाढत जाते, त्याचे वेगळे पैसे नाहीत. सिमेंट महागलं म्हणून घाबरून आजच दुप्पट रक्कम टाकायचं कारण नाही.

याच रकमेवर एका कंपनीने वर्षाला ७५६ रुपये सांगितले, म्हणजे दर हजारी ३० पैसे. जीएसटी धरून ८९२. दुसरीने १,२६० अधिक कर, म्हणजे ५० पैसे. तिसरीने "आमचा प्रतिनिधी संपर्क करेल" म्हणून माझा नंबर घेतला आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेसातला, नेमका मी कुकर लावत असताना, फोन येतो.

म्हणजे बघा, बँकेचा ५५ पैसे हा दर काही दरोडा नव्हता. बाजारातल्या महागड्या दुकानाइतका होता, इतकंच. पण तो मुळात चुकीच्या रकमेवर लावला होता. ३,३०० आणि ७५६ यांतला बराचसा फरक दरामुळे नाही, ज्याने गुणलं त्या आकड्यामुळे आहे. आपण सगळे घासाघीस करतो दरावर.

आणि वर ती 'लोनमध्ये टाक' ही आयडिया. गंमत म्हणून शीट उघडलं. ३८,९४० रुपये साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांत फेडायचे तर महिना ३३८ रुपये, एकूण ८१,१२०. विमा १० वर्षांचा, हप्ते वीस वर्षांचे. मधल्या काळात कर्ज लवकर फेडलं तर आकडा कमी होईल, मान्य. तरी विमा संपून दहा वर्षं झाल्यावरही त्याचे पैसे भरत राहायचे, हे काही मला झेपेना. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "म्हणूनच कळत नाही."

इथे एक रास्त शंका आहे, आणि ती माझ्या त्या शहाण्या सहकाऱ्यानेच काढली. बंगला पडला तर आपण तो बांधू, पण चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट एकटा कसा बांधणार? अख्खी बिल्डिंग गेली आणि सोसायटीला पुन्हा बांधायचीच नसेल, तर पंचवीस लाखांत वाकडला काय येतं? प्रश्न बरोबर आहे. त्यासाठी काही कंपन्या आधी ठरवलेल्या किमतीवर, म्हणजे बाजारभावाच्या जवळ जाणाऱ्या रकमेवर विमा देतात आणि अर्थातच त्याचा हप्ता जास्त असतो. मी तो घेतला नाही. बिल्डिंग गेली तरी तिच्याखालच्या जमिनीतला आमच्या सर्वांचा वाटा जागेवर राहतो, आणि वाकडच्या किमतीत तोच तर मोठा आहे. पण ज्याची सगळी पुंजी एका फ्लॅटमध्ये आहे आणि बिल्डिंग तीस वर्षांची आहे, त्याने माझं ऐकू नये.

दुसरं म्हणजे सोसायटीला विचारा. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा संस्थेने काढावा असं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात किती सोसायट्या काढतात हे सेक्रेटरींच्या चेहऱ्यावरून ओळखावं. (आमचे म्हणाले, "पुढच्या मीटिंगला घेऊ.") सोसायटीने भिंतींसकट पूर्ण किमतीचा विमा काढला असेल तर त्याच भिंतींचे पैसे दोन ठिकाणांहून मिळत नाहीत. मग आपण फक्त आतलं फर्निचर आणि सामान यांचा काढायचा, आणि तो हप्ता आणखी खाली येतो.

एवढं करूनही ३० पैसे वाजवी आहेत की नाही हे ठरलं नव्हतंच. इतरांपेक्षा स्वस्त आहेत इतकंच ठरलं. तीन भाजीवाल्यांत सगळ्यात स्वस्त असलेला टोमॅटोही महाग असू शकतो. यासाठी मी एक उलटा हिशोब करतो. एक हजाराला दर हजारीने भागायचं. ३० पैशांना उत्तर येतं ३,३३३. म्हणजे माझं घर ३,३३३ वर्षांतून एकदा पूर्ण नष्ट होईल असं धरलं तर हप्ता आणि धोका बरोबरीत आहेत. ५५ पैशांना १,८१८ वर्षं. हा हिशोब ढोबळ आहे. पूर्ण नुकसान विरळा, अर्धवट नुकसानं जास्त, आणि हप्त्यातले काही पैसे कमिशन आणि कंपनीच्या खर्चात जाणारच. पण प्रश्न तरी नीट विचारला जातो. चौथ्या मजल्यावर पूर येणार नाही. पुण्यात २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हा त्रास झाला तो तळमजल्यांना आणि पार्किंगमधल्या गाड्यांना, आणि गाडी घराच्या विम्यात येत नाही, ती तिच्या स्वतःच्या पॉलिसीत. मला खरी भीती आहे ती शॉर्टसर्किटची, वरच्यांच्या फुटलेल्या पाइपची आणि, कोयना १९६७ व किल्लारी १९९३ माहीत असलेल्या कुठल्याही मराठी माणसाला असते तेवढी, भूकंपाची. त्या सगळ्यासाठी वर्षाला ८९२ मला चालतात. त्याच भीतीसाठी बँकेचे आकडे चालत नाहीत.

हाच उलटा हिशोब मी आई-बाबांच्या घराला लावला आणि गप्प झालो.

सांगलीचं आमचं घर आयर्विन पुलापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे, तळमजला, १९८०च्या दशकातलं. पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि आमच्या हॉलमध्ये ते चार फूट होतं. आई-बाबा सहा दिवस मिरजेला मावशीकडे होते. मी पुण्यात बसून बातम्या बघत होतो, कारण रस्तेच बंद होते. २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं, या वेळी गुडघ्याच्या खाली. २००५ मध्येही आलं होतं, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो आणि मला फक्त सुट्टी आठवते. बाबांची एक वही आहे, त्यात तिन्ही वेळचा खर्च आहे: पंचवीस हजार, एक लाख ऐंशी हजार, पंचावन्न हजार. एकूण दोन लाख साठ हजार. वीस वर्षांनी भागले तर वर्षाचे तेरा हजार. यात आईची पेटी धरलेली नाही. तिच्या भात्यात चिखल गेला होता आणि ती दुरुस्त होण्यासारखी राहिली नव्हती. तिची किंमत बाबांनी लिहिलेली नाही.

तिन्ही वेळी विमा नव्हता. बाबांचं म्हणणं, "हप्ता फार असतो रे त्याचा." किती असतो हे तोवर कोणी विचारलंच नव्हतं.

मी विचारलं. ९०० चौरस फूट, साधं बांधकाम, फुटाला २,००० धरून १८ लाख. एका कंपनीच्या साइटने पिनकोड टाकल्यावर विषयच संपवला. दुसरीच्या फॉर्ममध्ये रकाना होता, पूर्वी पुराचं पाणी आलं होतं का? विम्यावाले काका म्हणाले, "तो सोडा रिकामा. कोण बघतंय?" बाबांचाही कल तिकडेच होता, हो म्हटलं तर हप्ता वाढणार. यावर मात्र मी ऐकलं नाही. जिन्याच्या भिंतीवर रंगाखालून २०१९ ची रेघ अजून दिसते. तलाठ्याच्या पंचनाम्यात बाबांचं नाव आहे, मदतीचे पैसे त्यांच्या खात्यात आलेले आहेत. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर काय डोळे मिटून येणार आहे? विचारलेली माहिती लपवली या एका कारणावर क्लेम फेटाळला गेला, तर भरलेला प्रत्येक हप्ता शंभर टक्के महाग ठरला.

'हो' लिहिलं. हप्ता आला दर हजारी १ रुपया १० पैसे. १,९८०, कर धरून २,३३६. माझ्या पुण्याच्या दराच्या जवळजवळ चौपट. बाबा म्हणाले, "बघ, सांगत होतो ना."

आता त्यांच्याच वहीतले तेरा हजार शेजारी ठेवा. चौपट दराचा हा हप्ता माझ्या हप्त्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. इतका की, कंपनी नीट हिशोब करायला बसली तर पुढच्या वेळी दर वाढवेल किंवा नाहीच म्हणेल, म्हणून आम्ही एका वर्षाची न घेता लांब मुदतीची घेतली. बाबांनी मधला मार्ग सुचवला होता की रक्कम १८ च्या जागी पाच लाख टाकू, हप्ता उतरेल. जुन्या पद्धतीच्या पॉलिसींत हे फार महागात पडतं: निम्म्या किमतीचा विमा असेल तर लाखाच्या नुकसानाचे पन्नास हजारच हातात येतात. भारत गृह रक्षामध्ये ही कात्री काढून टाकली आहे, टाकलेल्या रकमेपर्यंत पूर्ण मिळतात. तरी चाळीस वर्षांच्या विटांच्या भिंतींत पाणी मुरल्यावर पाच लाखांत काय होतं, हे मामेभावाने बाबांना फोनवर समजावून सांगितलं. माझ्यापेक्षा त्याचं ते जास्त ऐकतात.

सामानाचं थोडक्यात. या पॉलिसीत चोरी धरतात ती फक्त पूर-आगीसारख्या घटनेनंतर सात दिवसांत झालेली. घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि त्याचा दर हजारी घराच्या दराच्या कितीतरी पट सांगतात. त्यामुळे 'सामानासकट' असा हप्ता फुगलेला दिसला तर आधी त्यात घरफोडी आहे का बघा. असेल तर फुगण्याला कारण आहे, नसेल तर विचारा. दागिन्यांचा भाग ऐच्छिक आहे, तो आम्ही सोडला. आईचं सोनं लॉकरमध्ये आहे. अर्थात तिथेही आग, चोरी किंवा बँकेच्या माणसांची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच, आणि पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत तीही नाही. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

सामानाची यादी मात्र केली. मी मोबाइलवर एकेका खोलीचे फोटो काढत होतो आणि आई किमती सांगत होती. फ्रिज, वॉशिंग मशीन, बाबांची पुस्तकांची दोन कपाटं पटापट झाली. तांब्या-पितळेच्या भांड्यांपाशी ती म्हणाली, "यांना काय होतंय? दोनदा बुडाली, चिंचेनं घासली की झालं." ती ओळ काढून टाकली.

पैसे मेमध्ये भरले, पावसाआधी. पॉलिसीची प्रिंट, यादी आणि फोटोंचा पेन ड्राइव्ह बाबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवलाय. मी म्हटलं, ईमेलवर आहे सगळं. "असू दे," म्हणाले, "माळ्यावर पाणी नाही येत."